घरचा कॉम्प्युटर, भिंतीवरचा टीव्ही आणि कपाटावरचा डेक : तिघांना जोडायचं कसं?

तिन्ही वस्तू बहुतेक घरांत असतात. लॅपटॉपमध्ये सिनेमे, गाणी, बारशापासून लग्नापर्यंतचं शूटिंग साठलेलं असतं. भिंतीवर मोठा टीव्ही असतो. आणि कपाटावर वडिलांच्या काळातला डेक किंवा अँप्लिफायर, शेजारी त्याचे दोन जड लाकडी बॉक्स. तरीही सिनेमा लावला की चौघं-पाचजण लॅपटॉपच्या पंधरा इंची पडद्याभोवती माना घालून बसतात.

जोडणी अवघड नाही. गाडी दोन ठिकाणी अडते. एक, दुकानातून चुकीची वायर घरी येते. दोन, टीव्हीवर चित्र दिसलं की लोक खूश होऊन थांबतात आणि आवाजाचं काहीच करत नाहीत. म्हणून सुरुवातीलाच एक गोष्ट पक्की धरा : चित्राची वाट वेगळी, आवाजाची वाट वेगळी. दोन्ही एकाच वायरीतून गेल्या तर उत्तम, पण ठरवायच्या मात्र स्वतंत्रपणे.

१. दुकानात जाण्याआधी मागची बाजू बघा

आपल्या कोल्हापुरात राजारामपुरीत किंवा लक्ष्मीपुरीत जाऊन ‘टीव्हीला कॉम्प्युटर जोडायची वायर द्या’ म्हणालात तर दुकानदार अंदाजाने काहीतरी देणार. त्याला तरी तुमच्या टीव्हीची पाठ कुठून माहीत असणार? मोबाईलचा टॉर्च लावा आणि तिन्ही यंत्रांच्या मागचे-बाजूचे फोटो काढा. टीव्ही भिंतीला चिकटून असेल तर मोबाईल मागे सरकवून व्हिडिओ घ्या, अक्षरं वाचता येतात.

फोटोत हे शोधा :

एचडीएमआय : चपटं सॉकेट, खालच्या बाजूला निमुळतं. चित्र आणि आवाज दोन्ही यातून जातात. टीव्हीवर हे असेल आणि कॉम्प्युटरवरही असेल तर निम्मं काम झालं.

व्हीजीए : पंधरा पिनांचं, बहुधा निळं, दोन्ही बाजूंना स्क्रू. हे १९८७ सालचं तंत्र आहे. चित्र जातं, आवाज जात नाही.

यूएसबी-सी : नव्या, पातळ लॅपटॉपवर असतं. इथे फार लोक फसतात. सॉकेट तसंच दिसलं म्हणून त्यातून चित्र बाहेर येईलच असं नाही. काही यूएसबी-सी फक्त चार्जिंगला आणि फाईली हलवायला असतात. शेजारी डिस्प्ले पोर्टचं किंवा थंडरबोल्टचं चिन्ह आहे का बघा. नसेल तर लॅपटॉपचं मॉडेल नंबरासकट शोधून कंपनीच्या माहितीत ‘डिस्प्ले पोर्ट’ हा उल्लेख आहे का ते वाचा, आणि मगच अडॅप्टर घ्या.

लाल-पांढरी गोल सॉकेटं : यांना आरसीए म्हणतात. लाल उजव्या बॉक्सचा, पांढरं डाव्या बॉक्सचा आवाज. पिवळं असेल तर ते जुन्या पद्धतीचं चित्र.

ऑप्टिकल : छोटं चौकोनी, बहुतेक वेळा त्याला झाकण असतं. टीव्ही चालू असताना आतून लाल उजेड दिसतो. यातून फक्त आवाज जातो.

अँप्लिफायरच्या मागे ‘ऑक्स’, ‘सीडी’, ‘टेप’ किंवा ‘ट्यूनर’ लिहिलेली लाल-पांढरी जोडी असेल. यातली कुठलीही चालेल, फक्त ‘टेप’मध्ये दोन जोड्या असतात, त्यातली आत जाणारी, म्हणजे ‘इन’ किंवा ‘प्ले’ लिहिलेली घ्या. ‘फोनो’ लिहिलेल्या जोडीला मात्र हात लावू नका. ती तबकडीच्या प्लेअरसाठी असते. सुईकडून येणारा सिग्नल फार दुबळा असतो, म्हणून अँप्लिफायर तिथे तो कितीतरी पटीने वाढवतो आणि खर्जही मुद्दाम चढवतो. कॉम्प्युटरचा आवाज त्यात घातला तर तो फाटून, घोगरा होऊन बाहेर येतो. माइकच्या सॉकेटचीही गत तीच.

२. सामान

साध्या जोडणीला फार काही लागत नाही :

– एचडीएमआय केबल, अंतर मोजून
– एका टोकाला हेडफोनची ३.५ मिलिमीटरची पिन आणि दुसऱ्या टोकाला लाल-पांढऱ्या पिना अशी वायर
– गरज असेल तरच कन्व्हर्टर किंवा अडॅप्टर
– अर्थिंग असलेला एक चांगला एक्स्टेंशन बोर्ड
– मोजपट्टी, चिकटपट्टी, मार्कर पेन

अंतर मोजताना सरळ रेषेत मोजू नका. वायर भिंतीच्या कडेने, दाराच्या चौकटीवरून फिरते. टीव्ही भिंतीवर असेल तर वर-खाली जाणारं अंतर धरा आणि मीटरभर जास्त घ्या. पण ‘असू दे पुढेमागे’ म्हणून पंधरा मीटरची केबलही नको. साध्या तांब्याच्या एचडीएमआय केबलीतून ४के (म्हणजे फुल एचडीच्या चौपट ठिपक्यांचं) चित्र पाच-सात मीटरच्या पुढे न्यायचं म्हणजे नशिबाचा भाग होतो. पडद्यावर ठिणग्यांसारखे ठिपके दिसतात, चित्र मध्येच जातं-येतं. तेवढं लांब न्यायचंच असेल तर फायबरची एचडीएमआय केबल मिळते. तिची दोन टोकं वेगळी असतात, एकावर ‘सोर्स’ (म्हणजे कॉम्प्युटर) आणि दुसऱ्यावर ‘डिस्प्ले’ (म्हणजे टीव्ही) लिहिलेलं असतं. उलटी लावली तर काहीच दिसणार नाही.

सोन्याचा मुलामा दिलेल्या महागड्या केबलीचा आग्रह झाला तर हसून सोडून द्या. एचडीएमआयमधून आकडे जातात. ते पोचतात किंवा पोचत नाहीत, महाग वायरीने चित्र जास्त रंगीत होत नाही. केबलवर ‘हाय स्पीड’ किंवा ४केसाठी ‘प्रीमियम हाय स्पीड’ असं लिहिलेलं असलं की पुरे.

३. चित्र टीव्हीपर्यंत नेणं

टीव्ही आणि कॉम्प्युटर दोन्ही बंद करून पिना लावा. मग आधी टीव्ही चालू करा, रिमोटवर ‘सोर्स’ किंवा ‘इनपुट’ दाबून ज्या नंबरच्या सॉकेटात पिन घातली तो एचडीएमआय निवडा आणि मग कॉम्प्युटर सुरू करा. विंडोज असेल तर विंडोजचं बटण आणि पी एकत्र दाबा. ‘डुप्लिकेट’ निवडलं तर दोन्हीकडे तेच दिसतं. ‘सेकंड स्क्रीन ओन्ली’ निवडलं तर फक्त टीव्हीवर दिसतं. सिनेमाला हे दुसरं बरं, कारण मग चित्र टीव्हीच्या मापाने बसतं, लॅपटॉपच्या नाही.

डेस्कटॉपवाल्यांचा एक नेहमीचा घोटाळा. डब्यात वेगळं ग्राफिक्स कार्ड असेल तर मागे दोन ठिकाणी एचडीएमआय दिसतं : वर मदरबोर्डचं उभं, खाली कार्डाचं आडवं. वायर कार्डात घाला. वरच्यात घातली तर बहुतेक वेळा पडदा काळाच राहतो आणि माणूस केबल बदलून आणायला दुकानात जातो.

जुना कॉम्प्युटर असून त्याला फक्त व्हीजीए असेल तर ‘व्हीजीए टू एचडीएमआय’ कन्व्हर्टर लागेल. ‘एचडीएमआय टू व्हीजीए’ ही वेगळी वस्तू आहे. दोन्ही डब्या सारख्याच दिसतात, पण त्या एकेरी रस्त्यासारख्या असतात, उलट्या दिशेने चालत नाहीत. मागताना ‘कॉम्प्युटरला व्हीजीए आहे, टीव्हीला एचडीएमआय आहे’ असं पूर्ण वाक्य सांगा. आवाजासाठी हेडफोनची पिन आणि विजेसाठी यूएसबी असलेला कन्व्हर्टर घ्या. जुना डबा टीव्ही असेल तर ‘एचडीएमआय टू एव्ही’ मिळतो. त्यावर सिनेमा बरा दिसतो, अक्षरं मात्र वाचवत नाहीत.

चित्र आलं, पण कडा कापल्या गेल्या, खालची पट्टी अर्धी दिसत नाही? कॉम्प्युटरचा दोष नाही. टीव्ही सवयीने चित्र थोडं फुगवून दाखवतो. टीव्हीच्या पिक्चर सेटिंगमध्ये आकाराचा पर्याय असतो, कुठे ‘स्क्रीन फिट’, कुठे ‘जस्ट स्कॅन’, कुठे ‘फुल पिक्सेल’. तो निवडा. त्या इनपुटला ‘पीसी’ असं नाव देण्याची सोय असेल तर तेही करा, बऱ्याच टीव्हींत तेवढ्याने अक्षरं एकदम रेखीव होतात.

४के टीव्हीवर माउसचा बाण अडखळत चालत असेल तर लॅपटॉपचं एचडीएमआय जुन्या १.४ पद्धतीचं असण्याची शक्यता मोठी. त्यातून ४के चित्र सेकंदाला ३० वेळाच जातं, २.० मधून ६० वेळा. डिस्प्ले सेटिंगमध्ये रिझोल्युशन १९२० बाय १०८० करा आणि रिफ्रेश रेट ६० ठेवा. दहा फुटांवरून फरक कळत नाही.

आणि कृपा करून जुने सिनेमे ताणून बघू नका. प्रभात फिल्म कंपनी १९२९ साली इथेच, कोल्हापुरात सुरू झाली आणि १९३३ मध्ये पुण्याला गेली. त्या काळातले सिनेमे जवळजवळ चौकोनी चौकटीत चित्रित होत. रुंद टीव्हीवर दोन्ही बाजूंना काळ्या पट्ट्या राहणारच, त्या राहू द्या. ‘जागा वाया जाते’ म्हणून चित्र ओढलं की सगळ्या नायिका गोलमटोल आणि सगळे घोडे बुटके दिसतात.

४. आवाज : खरी मजा इथे आहे

पातळ टीव्हीचे स्पीकर लहान असतात आणि बहुधा खाली किंवा मागे तोंड करून बसवलेले असतात. बातम्यांना ठीक. पण ज्या गावात अल्लादियाखाँसाहेब दरबार गायक होते, तिथे तानपुऱ्याचा खर्ज टीव्हीच्या स्पीकरवर ऐकायचा म्हणजे शोभत नाही. कपाटावरचे ते दोन जुने बॉक्स यासाठीच खाली काढायचे.

वाटा दोन आहेत.

पहिली : कॉम्प्युटरच्या हेडफोन सॉकेटातून थेट अँप्लिफायरच्या ‘ऑक्स’मध्ये. ३.५ मिलिमीटर पिन ते लाल-पांढरी अशी वायर शंभर-दोनशे रुपयांत येते. घरात सेट टॉप बॉक्सबरोबर आलेली, पिवळी-लाल-पांढरी अशा तीन पिनांची वायर पडलेली असते आणि ती बरोबर बसतेही. ती वापरू नका. तिच्या पिनेवर तीन काळ्या रेघा असतात आणि आतली जोडणी वेगळी असते. एका बॉक्समधून आवाज येत नाही, नाहीतर गुणगुण येते. तुम्हाला हवी ती पिन दोन रेघांची.

दुसरी : आवाज एचडीएमआयमधून टीव्हीत जाऊ द्या आणि टीव्हीतून अँप्लिफायरला घ्या. टीव्हीला हेडफोनचं सॉकेट असेल तर वरचीच वायर चालते. फक्त ऑप्टिकल असेल आणि अँप्लिफायर जुना असेल तर मध्ये ‘ऑप्टिकल टू आरसीए’ कन्व्हर्टर लागतो. अशा वेळी टीव्हीच्या साउंड सेटिंगमध्ये डिजिटल आउटपुट ‘पीसीएम’ करा. ते ‘ऑटो’ किंवा ‘डॉल्बी’वर राहिलं तर स्वस्त कन्व्हर्टरला काही उमगत नाही आणि शांतता पसरते. साउंडबार किंवा नवा होम थिएटर असेल तर टीव्हीच्या ज्या एचडीएमआयवर ‘एआरसी’ लिहिलंय त्यातच वायर घाला, शेजारच्यात नाही.

मला स्वतःला दुसरी वाट पटते. मग सेट टॉप बॉक्स असो, पेन ड्राइव्ह असो की कॉम्प्युटर, टीव्हीवर लागणाऱ्या प्रत्येक गोष्टीचा आवाज मोठ्या बॉक्समधून येतो आणि घरातल्या आजींना काही बदलावं लागत नाही. फक्त गाणी ऐकायची असतील, टीव्ही बंद ठेवून, तर पहिली वाट बरी.

पहिली वाट घेतलीत तर एक लक्षात ठेवा. एचडीएमआयची पिन घातली की विंडोज आवाज आपोआप टीव्हीकडे वळवतं. ‘वायर लावलीय तरी डेक वाजत नाही’ या तक्रारीचं कारण दहातल्या नऊ वेळा हेच. खाली उजवीकडे स्पीकरच्या चिन्हावर जा, आवाज कुठून यावा याची यादी उघडा आणि तिथे हेडफोन किंवा स्पीकर निवडा.

आवाज लॅपटॉपवर ऐंशी-नव्वद टक्क्यांवर ठेवून कमी-जास्त करायचा तो अँप्लिफायरच्या बटणाने. लॅपटॉप वीस टक्के आणि अँप्लिफायर पूर्ण चढवला की खरखरही तेवढीच चढते. पिना काढ-घाल करताना अँप्लिफायर बंद हवा, नाहीतर असा ठोका बसतो की बॉक्सचा पडदा फाटू शकतो.

ब्लूटूथचं काय? जुन्या अँप्लिफायरच्या ‘ऑक्स’ला लावायचा छोटा ब्लूटूथ रिसीव्हर मिळतो. गाण्यांना छान. सिनेमाला मात्र आवाज ओठांच्या मागे पडतो. व्हीएलसी या मोफत व्हिडिओ प्लेअरमध्ये जे आणि के या बटणांनी आवाज ५० मिलिसेकंदांनी मागेपुढे सरकवता येतो. एखाद्या सिनेमापुरतं चालतं, रोजचं करायला वायरच बरी.

५. गुणगुण येतेय?

सगळं जोडलं, गाणं थांबवलं आणि बॉक्समधून सतत ‘हम्म्म’ येतंय. ही आपल्या ५० हर्ट्झच्या विजेची गुणगुण. दोन यंत्रं दोन वेगळ्या बोर्डांतून अर्थ झाली की त्यांच्यामध्ये वायरीतूनच नकोसा प्रवाह फिरतो.

शोधायचं असं. लॅपटॉपचा चार्जर काढा. गुणगुण थांबली तर चार्जरची वाट दोषी. नाही थांबली तर टीव्हीतून किंवा सेट टॉप बॉक्समधून केबलवाल्याची गोल वायर काढून बघा, ती बाहेरून स्वतःचा अर्थ घेऊन येते. कारण सापडलं की आधी तिन्ही यंत्रं एकाच एक्स्टेंशन बोर्डावर आणा. तेवढ्याने भागलं नाही तर ऑडिओ वायरीच्या मध्ये लावायचा ‘ग्राउंड लूप आयसोलेटर’ मिळतो, तो लावा.

काही मिस्त्री तीन पिनांच्या प्लगची जाड पिन कापून टाकायला सांगतात. गुणगुण खरंच थांबते. पण यंत्रात बिघाड झाला तर वीज त्या पिनेतून जमिनीत जायची ती तुमच्या अंगातून जाईल. असं कधीही करू नका.

इन्व्हर्टरवर गेल्यावरच आवाज भुणभुणत असेल तर इन्व्हर्टर स्क्वेअर वेव्हचा आहे. त्याला आयसोलेटरचा उपयोग नाही, साइन वेव्हचा इन्व्हर्टर लागतो.

६. वायर न ओढता

विंडोजवर विंडोजचं बटण आणि के दाबलं की आसपासचे टीव्ही दिसतात, टीव्हीत ‘स्क्रीन मिररिंग’ चालू असलं पाहिजे. मॅकला एअरप्ले असलेला टीव्ही लागतो. फोटो दाखवायला, पाहुण्यांसमोर लग्नाचा अल्बम उघडायला हे झकास. दोन तासांच्या सिनेमाला मला भरवसा वाटत नाही.

त्यापेक्षा पक्की सोय म्हणजे कॉम्प्युटरलाच घरातलं मीडिया भांडार करणं. जेलिफिन नावाचा मोफत प्रोग्रॅम आहे, प्लेक्सही आहे. कॉम्प्युटरवर तो बसवून सिनेमा-गाण्यांची फोल्डरं दाखवून द्यायची आणि अँड्रॉइड टीव्हीवर त्याचंच ॲप घ्यायचं. कॉम्प्युटर आतल्या खोलीत राहतो, टीव्हीवर पोस्टरांसकट यादी येते. फक्त तीन गोष्टी बघा : दोन्ही एकाच वाय-फायवर हवेत, विंडोजमध्ये ते नेटवर्क ‘प्रायव्हेट’ हवं, आणि कॉम्प्युटर झोपी जाण्याचं सेटिंग बंद हवं.

मंगळवार पेठ, शिवाजी पेठेतल्या जुन्या घरांत एक अडचण हमखास येते, ती म्हणजे जाड भिंती. ५ गिगाहर्ट्झचं वाय-फाय वेगवान, पण भिंतीला लवकर हार मानतं. २.४ गिगाहर्ट्झ पलीकडे पोचतं, पण हळू. मध्ये अशा दोन भिंती असतील तर राउटरपासून टीव्हीपर्यंत एक लॅन केबल ओढून टाका. शंभर मीटरपर्यंत ती सुखाने चालते आणि एचडीएमआयपेक्षा स्वस्त पडते.

फुटबॉलवाल्यांसाठी एक सूचना. इंटरनेटवरून मॅच लावलीत तर शेजारच्या तालमीतून ‘गोल!’ची आरोळी आधी येईल आणि तुमच्या पडद्यावर चेंडू अजून मधल्या रेषेवर असेल. कुठलीही वायर बदलून हे सुधारत नाही. इंटरनेटवरचं थेट प्रक्षेपणच डिशच्या मागे असतं.

७. फाईल चालत नाही तेव्हा

पेन ड्राइव्ह थेट टीव्हीला लावणाऱ्यांसाठी. मोठा सिनेमा कॉपीच होत नसेल तर पेन ड्राइव्ह ‘फॅट ३२’ पद्धतीचा आहे, त्यात ४ जीबीपेक्षा मोठी फाईल मावत नाही. टीव्ही चालवत असेल तर ‘एक्सफॅट’ किंवा ‘एनटीएफएस’ करा. फॉरमॅट केल्यावर आतलं सगळं पुसलं जातं, आधी काढून घ्या. चित्र येतं पण आवाज येत नाही, असं झालं तर आवाज बहुधा ‘डीटीएस’ प्रकारचा असतो, तो बऱ्याच टीव्हींना वाचता येत नाही. मराठी सबटायटलच्या जागी चौकोन किंवा भलतीच चिन्हं दिसली तर ती फाईल नोटपॅडमध्ये उघडून ‘यूटीएफ-८’ निवडून पुन्हा जतन करा. या तिन्ही भानगडी टाळायच्या तर फाईल कॉम्प्युटरवरच व्हीएलसीमध्ये लावा आणि एचडीएमआयने टीव्हीवर न्या.

८. वळीव येण्याआधी

एप्रिल-मे महिन्यांत दुपारनंतर ढग भरून आले की सगळ्यांचे प्लग काढा. नुसतं बटण बंद करून भागत नाही. आणि प्लगबरोबर डिशची किंवा केबलवाल्याची गोल वायर आणि राउटरला तांब्याची वायर येत असेल तर तीही काढा. वीज जवळपास पडली की धक्का बहुतेक वेळा त्या बाहेरच्या वायरीतून आत येतो. आता तिन्ही यंत्रं एकमेकांना जोडलेली आहेत, त्यामुळे टीव्हीचं एचडीएमआय गेलं तर त्याच धक्क्यात लॅपटॉपचंही जाऊ शकतं.

जुलै-ऑगस्टच्या ओलीत लाल-पांढऱ्या पिनांवर काळपट थर चढतो आणि एक बॉक्स मधूनच मुका होतो. यंत्र बंद करून पिन सॉकेटात चार-सहा वेळा फिरवली की बहुतेकदा आवाज परत येतो, नाहीतर कॉन्टॅक्ट क्लीनरचा फवारा मारा आणि सुकल्यावरच चालू करा. प्रत्येक वायरीच्या दोन्ही टोकांना चिकटपट्टी लावून ‘कॉम्प्युटर–टीव्ही’, ‘टीव्ही–डेक’ असं लिहून ठेवा. गणपतीत आरास करायला टीव्ही हलतो तेव्हा पिना कोण काढतं ते कळत नाही, आणि परत लावायला तुम्हालाच बोलावतात.